कालविभेदी संदीप्ती वर्णपटविज्ञान, सिंक्रोट्रॉन प्रारणाधारित

बाहेरून ऊर्जा मिळाल्यावर पदार्थ न तापता जो प्रकाश देतो त्यास संदीप्ती म्हणतात. नळीदिव्याच्या काचेवरील आतील लेप, अंधारात दिसणारे घड्याळाचे आकडे आणि काजवा ही तिची परिचित उदाहरणे होत. उत्तेजन थांबताच हा प्रकाश तत्क्षणी नाहीसा होत नाही. तो पदार्थाच्या स्वरूपानुसार ठराविक रीतीने क्षीण होत जातो. क्षीण होण्यास लागणारा काळ काही पदार्थांत कित्येक तास, तर काहींत एक नॅनोसेकंदाहून (सेकंदाच्या एक अब्जांश भागाहून) कमी असतो. संदीप्तीची तरंगलांबी आणि तिचा क्षयकाल ही दोन्ही एकत्रितपणे मोजण्याच्या तंत्रास कालविभेदी संदीप्ती वर्णपटविज्ञान असे नाव आहे. उत्तेजनासाठी सिंक्रोट्रॉन प्रारणाचा, म्हणजे वर्तुळाकार मार्गाने जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून मिळणाऱ्या प्रकाशाचा, उपयोग करण्यास १९७० नंतरच्या दशकात प्रारंभ झाला. मूलकणांच्या अभ्यासासाठी बांधलेल्या यंत्रांत हे प्रारण ऊर्जेची निव्वळ हानी समजले जात असे. त्याच हानीतून संदीप्तीच्या अभ्यासकांना दिवा आणि घड्याळ ही दोन्ही साधने एकदमच लाभली. मात्र यंत्र दुसऱ्यांचे असल्यामुळे हे घड्याळ कसे चालावे हे ठरविणे त्यांच्या हाती फारसे राहिले नाही. या विषयाच्या इतिहासात या दोन्ही गोष्टींचा ठसा उमटलेला आहे.

पूर्वपीठिका : ब्रिटिश भौतिकीविज्ञ जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ मध्ये क्विनीन सल्फेटाच्या विद्रावाची नळी सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातून सरकवीत नेली. जांभळ्या टोकाच्या पलीकडे, जेथे डोळ्यास काहीही दिसत नाही तेथे, विद्राव निळ्या प्रकाशाने उजळलेला त्यांना आढळला. शोषलेल्या प्रकाशापेक्षा बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी अधिक असते हा नियम त्यांनी मांडला व या आविष्कारास फ्लुओरस्पार या खनिजावरून नाव दिले. मराठीत त्यास अनुस्फुरण म्हणतात. उत्तेजन थांबल्यावरही दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रकाशास प्रस्फुरण ही संज्ञा आहे. ‘ल्युमिनेसन्स’ हा दोहोंना सामावून घेणारा शब्द जर्मन शास्त्रज्ञ आयलहार्ट व्हीडेमान यांनी १८८८ मध्ये प्रचारात आणला.

क्षयकाल मोजण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न फ्रेंच शास्त्रज्ञ एडमाँ बेक्रेल यांनी १८५७–५९ या काळात केला. त्यांच्या प्रस्फुरणदर्शकात छिद्रे पाडलेल्या दोन चकत्या एकाच दांड्यावर बसविलेल्या होत्या. एका चकतीच्या छिद्रातून सूर्यप्रकाश पदार्थावर पडे आणि क्षणभराने दुसरीच्या छिद्रातून पदार्थ पाहणाऱ्याच्या दृष्टीस येई. चकत्या जितक्या जलद फिरवाव्यात तितका हा मधला काळ कमी होई. या साध्या युक्तीने सेकंदाच्या सुमारे दहा हजाराव्या भागापर्यंतचे काल मोजता आले. आज जी उपकरणे वापरात आहेत त्यांचे मूळ तत्त्व हेच आहे : प्रथम क्षणभर उत्तेजन, नंतर अंधार आणि त्या अंधारात मोजमाप. बेक्रेल यांनी युरेनियमाच्या संयुगांचा विशेष अभ्यास केला. त्यांचे पुत्र आंरी बेक्रेल यांनी १८९६ मध्ये युरेनियमाच्या प्रस्फुरक लवणांवर काम करीत असतानाच किरणोत्सर्गाचा शोध लावला.

यांत्रिक चकतीला गतीची मर्यादा असते. पुढील पल्ला एन्रिके गाव्हिओला या अर्जेंटिनी शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये बर्लिन येथे गाठला. विद्युत् क्षेत्राने नियंत्रित होणाऱ्या केर घटांच्या साहाय्याने त्यांनी प्रकाशाची तीव्रता अतिशय जलद कमीजास्त केली व अनुस्फुरण उत्तेजनाच्या किती मागे पडते यावरून काही नॅनोसेकंदांचे क्षयकाल काढले. एक नॅनोसेकंदात प्रकाश केवळ ३० सेंमी. अंतर जातो हे ध्यानात घेतल्यास या मोजमापाचे महत्त्व कळून येईल.

कालमापनाची आवश्यकता : केवळ वर्णपटावरून संदीप्तीचे मूळ नेहमीच ओळखता येत नाही. एकाच स्फटिकात दोन भिन्न प्रक्रियांतून जवळजवळ एकाच रंगाचा प्रकाश निघू शकतो व त्यांचे पट्टे एकमेकांवर पडतात. त्यांचे क्षयकाल मात्र सहसा वेगळे असतात. उत्तेजनानंतर लगेच घेतलेला वर्णपट आणि काही काळ थांबून घेतलेला वर्णपट यांची तुलना केल्यास जलद व मंद घटक अलग होतात. शिवाय संदीप्ती मंदावण्याची कारणेही यावरून कळतात. प्रकाश कमी मिळाला तर तो मुळात कमी शोषला गेला, की शोषलेली ऊर्जा वाटेत उष्णतेच्या रूपाने नाहीशी झाली, हे तीव्रतेवरून सांगता येत नाही. ऊर्जा वाटेत नाहीशी होत असल्यास उत्तेजित अवस्थेचा आयुःकाल घटतो आणि ही घट मोजता येते.

अशा मापनासाठी तीन गोष्टी लागतात. उत्तेजक प्रकाशाचे स्पंद अत्यल्प काळाचे असावे लागतात, ते एकसारख्या अंतराने पुनःपुन्हा यावे लागतात आणि त्यांची तरंगलांबी हवी तशी बदलता यावी लागते. विद्युत् ठिणगीवर चालणाऱ्या हायड्रोजन वा नायट्रोजन स्पंददीपांनी पहिल्या दोन गोष्टी अंशतःच साधल्या. लेसर १९६० मध्ये अवतरल्यावर स्पंद फारच लहान झाले, परंतु प्रारंभीचे लेसर मोजक्याच तरंगलांब्यांचा प्रकाश देत. सुमारे २०० नॅनोमीटरांहून कमी तरंगलांबीच्या जंबुपार प्रारणाची अडचण तर अधिकच होती. हे प्रारण हवेत शोषले जाते, म्हणून त्यास निर्वात जंबुपार म्हणतात. सुमारे १०५ नॅनोमीटरांखाली लिथियम फ्ल्युओराइडाचे गवाक्षही अपारदर्शक ठरते व त्यापुढे नेहमीच्या वापरातील कोणतेही गवाक्ष उपयोगी पडत नाही. नेमक्या याच पट्ट्यात फ्ल्युओराइडे, ऑक्साइडे व घनरूप निष्क्रिय वायू यांसारख्या विद्युत् निरोधकांची मूलभूत शोषणे येतात.

सिंक्रोट्रॉन प्रारणाचा शोध : वक्र मार्गाने जाणारा विद्युत् भारित कण प्रारण उत्सर्जित करतो, हे सैद्धांतिक दृष्ट्या आल्फ्रेद ल्येनार यांच्या १८९८ मधील कार्यापासून ज्ञात होते. रशियन शास्त्रज्ञ इव्हानेन्को व पोमेरान्चुक यांनी १९४४ मध्ये, या हानीमुळे इलेक्ट्रॉनांना देता येणाऱ्या ऊर्जेवर मर्यादा पडेल, असे दाखवून दिले. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत १९४६ मध्ये जॉन ब्लुएट यांना इलेक्ट्रॉनांची कक्षा आकसत असल्याचे आढळले, परंतु यंत्राची नळी अपारदर्शक असल्याने प्रकाश दिसला नाही. स्केनेक्टडी येथील त्याच कंपनीच्या ७० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या नव्या सिंक्रोट्रॉनाची निर्वात नळी मात्र पारदर्शक काचेची होती. २४ एप्रिल १९४७ रोजी यंत्र चालू असताना तीतून तेजस्वी प्रकाशझोत येत असल्याचे दिसले. एल्डर, गुरेविच, लँगम्यूर व पोलॉक यांनी त्याचा अभ्यास केला. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा कमी करीत गेल्यास निळसर पांढरा प्रकाश पिवळा व नंतर तांबूस होई. जूल्यन श्विंगर यांनी १९४९ मध्ये या प्रारणाचा सविस्तर सिद्धांत प्रसिद्ध केला [→ कणवेगवर्धक].

या प्रकाशाचा वर्णपट अवरक्तापासून क्ष-किरणांपर्यंत अखंड असू शकतो व त्याचे गुणधर्म गणिताने आधीच सांगता येतात. वॉशिंग्टन येथील नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत मॅडन व कॉडलिंग यांनी १९६३ मध्ये या प्रकाशात हीलियमाची आतापावेतो अज्ञात असलेली शोषणे दाखवून दिली आणि नव्या साधनाचे सामर्थ्य सर्वांच्या लक्षात आले. हँबर्ग येथील डेसी या संस्थेत १९६४ पासून असे प्रयोग होऊ लागले. मूलकणांचे प्रयोग चालू असता बाजूने सुटणारा प्रकाश उपयोगात आणावयाचा, अशी तेथील प्रारंभीची व्यवस्था होती. यंत्राच्या वेळापत्रकावर या पाहुण्या संशोधकांचा अधिकार नसे.

संचय वलये व कालरचना : सिंक्रोट्रॉनात इलेक्ट्रॉनांची ऊर्जा सतत बदलत असल्याने प्रकाशही स्थिर नसतो. संचय वलयात ठराविक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन कित्येक तास फिरत ठेवता येतात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील २४० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टांचे टँटलस हे वलय १९६८ पासून प्रारणाच्या उपयोगासाठी वापरात आले व १९८७ पर्यंत चालले.

वलयातील कालरचनेचे कारण प्रकाशाशी मुळीच संबंधित नाही. प्रत्येक फेरीत प्रारणामुळे गमावलेली ऊर्जा इलेक्ट्रॉनांना उच्च कंप्रतेच्या विद्युत् क्षेत्राद्वारे परत द्यावी लागते. जे इलेक्ट्रॉन या क्षेत्राच्या योग्य क्षणी येतात तेच टिकून राहतात, इतर गळून पडतात. परिणामी इलेक्ट्रॉनांचे अखंड वलय न बनता काही सेंटिमीटर लांबीचे स्वतंत्र पुंजके बनतात. पुंजका प्रकाशमार्गाच्या तोंडाशी आला की प्रकाशाचा एक स्पंद बाहेर पडतो. पुंजका ४ सेंमी. लांब असल्यास स्पंद सुमारे १३० पिकोसेकंद (सेकंदाचे अब्जांश भागाचे सहस्रांश) टिकतो. दोन स्पंदांमधील काळ वलयाचा परिघ व पुंजक्यांची संख्या यांवर अवलंबून असतो आणि तो अत्यंत नियमित असतो.

फ्रान्समधील ऑर्से येथील आको या वलयाचा परिघ सु. २२ मी. होता, म्हणजे एका पुंजक्याचा स्पंद दर ७३ नॅनोसेकंदांनी मिळे. लोपेझ-देल्गादो, त्रामेर व मन्रो यांनी १९७४ मध्ये या वलयाच्या प्रकाशाचा आयुःकाल-मापनासाठी व कालविभेदी वर्णपटविज्ञानासाठी उपयोग होतो हे दाखवून दिले. या विषयाचा प्रारंभ येथून मानण्यास हरकत नाही.

मापनाची रीत : प्रत्येक स्पंदामागून येणारी संदीप्ती अतिशय क्षीण असते. म्हणून एकेक फोटॉन मोजण्याची पद्धत वापरतात. बॉलिंजर व टॉमस यांनी १९६१ मध्ये ती प्रचारात आणली. प्रकाशगुणक नळीत फोटॉन पोहोचला की तो क्षण आणि वलयाच्या विद्युत् क्षेत्राकडून मिळणारा कालसंकेत यांतील अंतर नोंदविले जाते. बहुतेक स्पंदांमागे एकही फोटॉन नोंदला जात नाही, परंतु एका सेकंदात स्पंद लक्षावधी येतात. लाखो नोंदी जमल्या की कोणत्या कालांतराने किती फोटॉन आले याचा आलेख तयार होतो व तोच क्षयवक्र होय. उत्तेजक प्रकाशाची तरंगलांबी विवर्तन जालकाच्या एकवर्णकाने निवडतात. वलय, एकवर्णक व नमुना ही सर्व एकाच निर्वात मार्गाने जोडलेली असल्याने गवाक्षाची अडचण उरत नाही. स्फटिकांच्या अणूंची औष्णिक हालचाल कमी करण्यासाठी नमुना बहुधा द्रवरूप हीलियमाने थंड ठेवतात.

काही महत्त्वाचे निष्कर्ष : जीवविज्ञानातील एक प्रारंभीचे उदाहरण अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील स्पीअर वलयावरचे आहे. मन्रो, पेख्त व स्ट्रायर यांनी १९७९ मध्ये प्रथिनांतील ट्रिप्टोफॅन या ॲमिनो अम्लाच्या अनुस्फुरणाचे ध्रुवण काळानुसार कसे बदलते ते मोजले. एका जीवाणूच्या न्यूक्लीएज एंझाइमात ट्रिप्टोफॅन घट्ट बसलेले असून संपूर्ण प्रथिनाबरोबरच फिरते, तर ॲझुरिन या प्रथिनात ते त्याखेरीज सुमारे अर्ध्या नॅनोसेकंदात स्वतंत्रपणेही डुलते, असे दिसून आले. क्ष-किरणांनी काढलेल्या चित्रांमुळे प्रथिनाचा रेणू ताठर असल्यासारखा भासे. त्याच्या अंतर्भागात अशी जलद हालचाल असते याचा हा प्रत्यक्ष पुरावा होता.

घन पदार्थांच्या बाबतीत बेरियम फ्ल्युओराइडाचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. गॅमा किरणांनी उत्तेजित केल्यास या स्फटिकातून सुमारे ३१० नॅनोमीटर तरंगलांबीचा व ६३० नॅनोसेकंद क्षयकालाचा मंद प्रकाश मिळतो, हे आधीपासून माहीत होते. सुमारे २२० नॅनोमीटरांजवळ त्याहून कितीतरी जलद, एक नॅनोसेकंदाहून कमी काळात संपणारा दुसरा प्रकाशही निघतो, हे १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत स्पष्ट झाले. हा प्रकाश कोठून येतो, हा प्रश्न होता. सोव्हिएट शास्त्रज्ञ एर्शोव्ह, झाखारोव्ह व रोद्नी यांनी १९८२ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि १९८४ मध्ये रोद्नी, माखोव्ह व सहकाऱ्यांनी सिंक्रोट्रॉन प्रारणाच्या स्पंदांनी तो पुढे नेला. उत्तेजक फोटॉनाची ऊर्जा सुमारे १० इलेक्ट्रॉन व्होल्ट झाली की मंद प्रकाश दिसू लागतो. जलद प्रकाश मात्र ती सुमारे १८ इलेक्ट्रॉन व्होल्ट होईपर्यंत दिसत नाही. ही ऊर्जा बेरियमाच्या आतील कवचातून इलेक्ट्रॉन उपटून काढण्यास लागणाऱ्या ऊर्जेशी जुळते. तेव्हा आतील कवचात पडलेली रिकामी जागा फ्ल्युओरिनाच्या बाह्य इलेक्ट्रॉनाने भरून निघताना जलद प्रकाश उत्सर्जित होतो, असा उलगडा झाला. तरंगलांबी बदलता न येणाऱ्या उत्तेजनाने हा उंबरठा दिसला नसता आणि काळ न मोजता दोन्ही प्रकाश वेगळे करता आले नसते.

या शोधाचा व्यवहारातही उपयोग झाला. पॉझिट्रॉन उत्सर्जन छायाचित्रणात रुग्णाच्या शरीरातून परस्परविरुद्ध दिशांनी दोन गॅमा फोटॉन निघतात. ते शोधकांपर्यंत पोहोचण्यातील कालांतर पुरेसे अचूक मोजता आले, तर ते कोणत्या जागेतून निघाले याचा अंदाज येतो. एक नॅनोसेकंदाची चूक म्हणजे स्थानात सुमारे १५ सेंमी. चूक होय. म्हणून १९८० नंतरच्या दशकातील अशा काही यंत्रांत बेरियम फ्ल्युओराइडाचे स्फटिक बसविले गेले. मंद प्रकाशाची गर्दी हा त्यांचा दोष होता. पुढे अधिक प्रकाश देणारे दुसरे जलद स्फटिक उपलब्ध झाल्यावर ते मागे पडले.

हँबर्ग येथील परंपरा : डेसी संस्थेचे डोरिस हे संचय वलय १९७४ मध्ये सुरू झाले. तेथे हँबर्ग विद्यापीठातील गेओर्ग त्सिमरर व सहकाऱ्यांनी ‘सुपरलुमी’ हे केंद्र उभारले. निर्वात जंबुपार पट्ट्यातील कालविभेदी संदीप्तीसाठी ते जगभरातील संशोधकांचे प्रमुख स्थान ठरले. घनरूप आर्गॉन, क्रिप्टॉन व झेनॉन यांतील उत्तेजित अवस्था हा तेथील आरंभीच्या संशोधनाचा एक आवडता विषय होता. हे स्फटिक अगदी साधे असून त्यांची संदीप्ती सु. १२७ ते १७२ नॅनोमीटर या पट्ट्यात, म्हणजे साध्या उपकरणांच्या आवाक्याबाहेर असते. पुढे विरल मृत्तिका मूलद्रव्ये मिसळलेल्या फ्ल्युओराइडांचा व दिव्यांसाठी आणि प्रारणशोधकांसाठी लागणाऱ्या नव्या पदार्थांचा अभ्यास तेथे झाला.

डोरिसचा परिघ सु. २८९ मी. असून त्यात पाच पुंजके ठेवल्यास दर १९२ नॅनोसेकंदांनी एक स्पंद मिळे. कालमापनास हा अवकाश सोयीचा असतो. स्पंद फार जवळजवळ आल्यास पहिल्याची संदीप्ती मावळण्यापूर्वीच दुसरा येऊन पोहोचतो व क्षयवक्र एकमेकांत मिसळतात. उलटपक्षी इतर बहुतेक प्रयोगांना पुंजके जितके अधिक तितके बरे, कारण त्यामुळे प्रकाश स्थिर राहतो. एकाच वलयावर या दोन मागण्या एकाच वेळी पुऱ्या करता येत नाहीत. म्हणून अनेक प्रयोगशाळांत वर्षातील मोजकेच आठवडे मोजक्या पुंजक्यांसाठी राखून ठेवले जातात.

यंत्रांचे आयुष्य हीही एक मर्यादा आहे. आको वलय १९८८ मध्ये, बर्लिन येथील पहिले बेसी वलय १९९९ मध्ये आणि इंग्लंडमधील डेअर्झबरी येथील केंद्र २००८ मध्ये बंद झाले. डोरिसवरील प्रारणाचे प्रयोग २०१२ च्या अखेरीस थांबले. त्यानंतर सुपरलुमी केंद्राची पुनर्रचना त्याच संस्थेच्या पेट्रा-३ या २,३०४ मी. परिघाच्या वलयावर करण्यात आली. या वलयात ४० पुंजके ठेवल्यास दोन स्पंदांतील अंतर पुन्हा १९२ नॅनोसेकंदच येते. ४८० पुंजक्यांच्या पद्धतीत ते केवळ १६ नॅनोसेकंद असते. स्वीडनमधील लुंड येथे मॅक्स-४ या केंद्राच्या लहान वलयावरही फिनलंड व एस्टोनिया यांच्या सहकार्याने उभारलेल्या प्रकाशमार्गावर संदीप्तीच्या अभ्यासाची सोय आहे.

भारतातील कार्य : इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ४५ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे इंडस-१ हे भारतातील पहिले संचय वलय १९९९ मध्ये कार्यान्वित झाले. त्याचा परिघ सु. १९ मी. असून त्याचे प्रारण प्रामुख्याने निर्वात जंबुपार व मृदू क्ष-किरण या पट्ट्यांत मिळते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने या वलयावर निर्वात जंबुपार वर्णपटविज्ञान व प्रकाशभौतिकी यांसाठी प्रकाशमार्ग उभारले. २५० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टांचे इंडस-२ हे वलय २००५ पासून अस्तित्वात आले.

मर्यादा व स्थान : संचय वलयांतील स्पंद साधारणतः १०० पिकोसेकंदांच्या आसपास असतात व त्याहून फारसे लहान करता येत नाहीत. याहून कित्येक पटींनी अल्पकालिक घटनांसाठी लेसर व, हँबर्ग येथे २००५ पासून संशोधकांना उपलब्ध झालेल्या यंत्रासारखे, मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर वापरतात. तथापि विस्तृत पट्ट्यातील कोणतीही तरंगलांबी निवडून, नमुन्यास इजा न होईल इतक्या सौम्य स्पंदांनी, एकाच बैठकीत उत्तेजनाचा वर्णपट, उत्सर्जनाचा वर्णपट व क्षयवक्र ही तिन्ही मिळविण्याची सोय संचय वलयाइतकी अन्यत्र नाही. एखादा प्रकाश कोणत्या ऊर्जेला सुरू होतो आणि किती वेळात मावळतो, हे दोन्ही कळल्यावाचून त्याचे मूळ निश्चित होत नाही. वलये अधिक तेजस्वी होत असली, तरी पुंजक्यांमधील रिकामा काळ जेथे राखून ठेवला जातो तेथेच हे संशोधन चालू शकते.